बोर्डवरचा कॅमेरा मध्येच अडकतो, हिरवी फ्रेम देतो, ‘जागा नाही’ म्हणतो: नेमके कुठे पाहायचे

लिनक्स चालणाऱ्या छोट्या बोर्डला, मग तो रास्पबेरी पाय असो, बीगलबोन असो की आणखी कोणता, यूएसबी वेबकॅम जोडला की एक तक्रार हमखास येते. लॅपटॉपवर उत्तम चालणारा कॅमेरा बोर्डवर पहिला फोटो देतो, थोडा वेळ व्हिडिओही देतो आणि मग प्रोग्राम ‘सिलेक्ट टाइमआउट’ दाखवून थांबतो. कॅमेरा काढून पुन्हा लावला की चालतो, काही वेळाने पुन्हा तेच. दुसरा कॅमेरा जोडला तर तो सुरूच होत नाही आणि एरर येते ‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’.

अशा वेळी कॅमेरा बदलून पाहिला जातो, ओपनसीव्ही ही चित्रप्रक्रियेची लायब्ररी पुन्हा बिल्ड केली जाते, एसडी कार्डवरच्या फाइल्स उडवल्या जातात. यातले काहीही करण्याआधी दोन कामे करा. दर सेकंदाला कॅमेऱ्यातून किती बाइट येणार आहेत त्याचा हिशेब कागदावर मांडा, आणि कर्नेलचा, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचा, लॉग वाचा. प्रोग्रामने छापलेली एरर हे शेवटचे टोक असते. खरी घटना त्याच्या दोन पायऱ्या आधी, ड्रायव्हरमध्ये घडलेली असते आणि ती तिथे नोंदलेलीही असते.

‘नो स्पेस’ म्हणजे कार्डवरची जागा नव्हे

ही एरर स्ट्रीम सुरू करताना येते, तेव्हा कर्नेलच्या लॉगमध्ये ‘फेल्ड टू सबमिट यूआरबी’ (यूआरबी म्हणजे यूएसबीवरची डेटाची मागणी) आणि पुढे उणे २८ असा आकडा दिसतो. उणे २८ हा लिनक्समधला ‘जागा नाही’ याचा क्रमांक. पण इथे जागा म्हणजे यूएसबी बसवरची वेळेची जागा. डिस्क पूर्ण रिकामी असली तरी ही एरर येईल.

वेबकॅम आपली चित्रे बहुधा आयसोक्रोनस पद्धतीने पाठवतो. या पद्धतीत ठरावीक वेळी ठरावीक डेटा नेण्याचे आरक्षण आधीच करावे लागते, आणि आरक्षण मिळाले नाही तर स्ट्रीम सुरूच होत नाही. यूएसबी २.० मध्ये एक सेकंद ८००० मायक्रोफ्रेममध्ये विभागलेला असतो. एका आयसोक्रोनस एंडपॉइंटला, म्हणजे कॅमेऱ्यातल्या डेटाच्या एका वाटेला, एका मायक्रोफ्रेममध्ये जास्तीत जास्त १०२४ बाइटची तीन पाकिटे मिळतात. म्हणजे एका कॅमेऱ्याची कमाल मर्यादा सेकंदाला २,४५,७६,००० बाइट, सुमारे २४.६ एमबी. खोक्यावर ४८० मेगाबिट लिहिलेले असले तरी एका कॅमेऱ्याला यापेक्षा जास्त मिळणार नाही. शिवाय अशा आरक्षित कामांना मिळून मायक्रोफ्रेमचा जास्तीत जास्त ८० टक्के वेळच देता येतो.

आता चित्राकडे या. वेबकॅमचा साधा, न दाबलेला फॉरमॅट म्हणजे वायूवायव्ही. त्यात एका पिक्सेलला २ बाइट लागतात. ६४० गुणिले ४८० ची एक फ्रेम ६,१४,४०० बाइटची. सेकंदाला ३० फ्रेम घेतल्या तर १८.४ एमबी. हे बसते. १२८० गुणिले ७२० ला ३० फ्रेम मागितल्या तर ५५.३ एमबी लागतात. हे बसणे शक्य नाही. म्हणूनच बऱ्याच कॅमेऱ्यांच्या यादीत ७२० ओळींच्या वायूवायव्हीपुढे ३० ऐवजी १० फ्रेम लिहिलेल्या असतात आणि १०८० ओळींपुढे ५. त्या कॅमेऱ्यात दोष नाही. ७२० ला १० फ्रेम म्हणजे पुन्हा तेच १८.४ एमबी, आणि १०८० ला ५ फ्रेम म्हणजे २०.७ एमबी. तारेत मावते तेवढेच तो देतो.

दोन कॅमेरे लावले की हा हिशेब आणखी आवळतो. दोघांनीही कमाल आरक्षण मागितले तर ४९ एमबीच्या वर जाते, आणि ८० टक्क्यांची मर्यादा, पाकिटांसोबत जाणारा इतर खर्च धरण्याआधीच, ४८ एमबी आहे. दुसऱ्याला नकार मिळतो तो इथे.

यातला चकवणारा भाग असा, की दोन्ही कॅमेरे लहान आकारावर किंवा एमजेपीईजीवर, म्हणजे प्रत्येक फ्रेम जेपीईजीने दाबणाऱ्या फॉरमॅटवर, टाकले तरी नकार येऊ शकतो. आरक्षण किती मागायचे हे कॅमेऱ्याचे फर्मवेअर सांगते, आणि ड्रायव्हर त्यावर विश्वास ठेवतो. अनेक स्वस्त कॅमेरे गरज असो वा नसो, कमाल आकडाच सांगतात. यावर यूव्हीसीव्हिडिओ या यूएसबी वेबकॅमच्या ड्रायव्हरमध्ये एक सोय आहे. मॉड्यूल लोड करताना ‘क्वर्क्स’ या पर्यायाला १२८ ही किंमत दिली, की ड्रायव्हर कॅमेऱ्याचा दावा बाजूला ठेवून चित्राचा आकार आणि फ्रेमची गती यांवरून स्वतः आरक्षण मोजतो. मात्र ही मोजणी फक्त न दाबलेल्या फॉरमॅटसाठी होते, एमजेपीईजीला तिचा उपयोग नाही. त्यामुळे दोन वेबकॅम एकाच बसवर चालवायचे असतील तर वायूवायव्ही, ३२० गुणिले २४० किंवा ६४० गुणिले ४८० ला १५ फ्रेम, आणि सोबत क्वर्क्स १२८, ही जोडी बरेचदा चालते. एमजेपीईजीच हवा असेल तर कमी आरक्षण मागणारा कॅमेरा शोधणे किंवा वेगळ्या बसवर नेणे हेच मार्ग उरतात.

वेगळा पोर्ट म्हणजे वेगळी बस असे मात्र समजू नका. रास्पबेरी पाय ३ वर चारही यूएसबी पोर्ट आणि इथरनेट एकाच यूएसबी २.० जोडणीमागे आहेत. त्या बोर्डवर कॅमेऱ्याचे चित्र नेटवर्कवरून पाठवताना तेच बाइट एकाच रस्त्याने दोनदा जातात. पाय ४ मध्ये इथरनेट वेगळे झाले आणि निळे यूएसबी ३ चे पोर्ट आले. पण यूएसबी २.० चा कॅमेरा निळ्या पोर्टमध्ये लावला तरी तो यूएसबी २.० च्या तारांवरूनच बोलतो, त्याला वरची गती मिळत नाही. बीगलबोन ब्लॅकवर तर यूएसबी होस्ट पोर्टच एक आहे, त्यामुळे हब लावून कॅमेरे वाढवले तरी बस एकच. ‘एलएसयूएसबी’ या कमांडला ‘टी’ हा पर्याय दिला की झाडासारखी रचना दिसते. दोन्ही कॅमेरे एकाच मुळाखाली दिसले तर वरचा हिशेब दोघांना मिळून करायचा.

ओपनसीव्ही न सांगता काय निवडते

फक्त ‘व्हिडिओकॅप्चर’ला शून्य क्रमांक देऊन कॅमेरा उघडला, तर ओपनसीव्ही आधी न दाबलेले फॉरमॅट चाचपते, एमजेपीईजीपर्यंत नंतर पोचते. बहुतेक कॅमेऱ्यांवर याचा अर्थ वायूवायव्ही. मग कोणी रुंदी १२८० आणि उंची ७२० मागतो, कॅमेरा निमूटपणे १० फ्रेमवर येतो, आणि ‘बोर्ड स्लो आहे’ असा निष्कर्ष निघतो.

कॅमेरा उघडताना व्ही४एल२ (लिनक्सचा व्हिडिओ इंटरफेस) हा बॅकएंड स्पष्ट द्या. नंतर सर्वांत आधी फोरसीसी, म्हणजे फॉरमॅटचे चार अक्षरी नाव, एमजेपीजी ठेवा, मग रुंदी-उंची, मग फ्रेमची गती. हा क्रम पाळा. आणि प्रत्येक सेटनंतर तीच गोष्ट गेटने वाचून छापा. ड्रायव्हरला मागितलेला आकार जमत नसेल तर तो जवळचा आकार देतो आणि एररही देत नाही. कॅमेऱ्याला खरोखर काय जमते ते ‘व्ही४एल२-सीटीएल’ या साधनाच्या ‘लिस्ट-फॉरमॅट्स-एक्स्ट’ पर्यायाने दिसते. त्या यादीबाहेरचे काहीही कोडमध्ये मागू नका.

चालता चालता थांबतो तेव्हा

स्ट्रीम नीट सुरू होऊन नंतर अडकत असेल तर बँडविड्थवरचा, म्हणजे बसच्या क्षमतेवरचा, संशय कमी करा. आरक्षण एकदा मिळाले की मध्येच काढून घेतले जात नाही. इथे लॉगमधला आकडा महत्त्वाचा. उणे ७१ दिसत असेल तर तो प्रोटोकॉलचा बिघाड आहे, म्हणजे तारेवर सिग्नल बिघडतो आहे. त्याच्या आसपास ‘यूएसबी डिस्कनेक्ट’ आणि लगेच नवा डिव्हाइस क्रमांक दिसला, तर कॅमेरा क्षणभर बंद पडून पुन्हा जागा झाला. तुमचा प्रोग्राम मात्र जुनाच दरवाजा धरून बसलेला असतो. ओपनसीव्ही नव्या फ्रेमची १० सेकंद वाट पाहते आणि टाइमआउट छापते. म्हणून टाइमआउट हे कारण समजून कोडमध्ये ती मुदत वाढवत बसण्यात अर्थ नाही.

सिग्नल बिघडण्यामागे बहुतेक वेळा वीज असते. यूएसबी २.० पोर्टने ५०० मिलिअँपियर द्यावेत अशी अपेक्षा आहे. कॅमेरा एरवी कमी घेतो, पण ऑटोफोकसची मोटर हलली किंवा अंधारात दिवा लागला की मागणी उसळते. त्याच वेळी बोर्डचा प्रोसेसर एमजेपीईजी उलगडण्यात गुंतलेला असतो, म्हणजे तोही जास्त वीज ओढत असतो. बारीक तारेच्या चार्जिंग केबलमध्येच मग व्होल्टेज पडते. रास्पबेरी पायवर ‘व्हीसीजेनसीएमडी’ या कमांडला ‘गेट थ्रॉटल्ड’ विचारा. उत्तर शून्य असायला हवे. शून्य क्रमांकाचा बिट लागलेला असेल तर आत्ता व्होल्टेज कमी आहे, १६ क्रमांकाचा लागलेला असेल तर बोर्ड सुरू झाल्यापासून कधीतरी कमी झाले होते. हा दुसरा बिटच खरा उपयोगी, कारण घटना घडून गेल्यावरही तो राहतो. रास्पबेरी पायवर ही इशारापातळी सुमारे ४.६३ व्होल्ट आहे. इतर बोर्डांवर ५ व्होल्टच्या पिनवर मल्टिमीटर लावून कॅमेरा चालू असताना मोजा, बंद असताना मोजलेल्या आकड्याला किंमत नाही. मात्र क्षणभराची घसरण मल्टिमीटरला दिसतेच असे नाही, म्हणून स्वतःचा अॅडाप्टर असलेला हब मध्ये लावून पाहणे ही अधिक खात्रीची चाचणी. त्याने अडकणे थांबले तर कारण सापडले.

वीज ठीक असेल तर केबल. यूएसबी २.० ला एका केबलची मर्यादा ५ मीटर आहे, आणि दोन एक्स्टेन्शन जोडून केलेली ३ मीटरची वायर कधी कधी अखंड ५ मीटरपेक्षा वाईट वागते.

अर्धे चित्र, हिरवे चित्र, तिरके चित्र

चुकीची फ्रेम ही चांगली साक्षीदार असते, ती लगेच डिलीट करू नका.

गडद हिरवा भाग म्हणजे तिथे डेटा आलाच नाही. वायूवायव्ही बफरमध्ये सगळे शून्य असेल तर रंगात बदलल्यावर ते काळे न दिसता हिरवे दिसते, कारण रंगाच्या दोन्ही घटकांची तटस्थ किंमत शून्य नसून १२८ आहे. कॅमेऱ्याने खरोखर काळे चित्र पाठवले असते तर काळेच दिसले असते. एवढ्यावरून लेन्सची झाकणी आणि हरवलेला डेटा यांतला फरक ओळखता येतो. वरचा भाग ठीक आणि खाली आधीच्या फ्रेमचा तुकडा असेल, तर फ्रेम अपुरी आली आणि बफरमधला जुना मजकूर तसाच राहिला. पुन्हा बँडविड्थ, वीज, केबल याच रांगेत तपासा.

चित्राच्या कडा बरोबर पण रंग जांभळे-हिरवे असतील तर वायूवायव्ही आणि यूवायव्हीवाय (तेच बाइट वेगळ्या क्रमाने) यांची गल्लत आहे, तारेचा काही संबंध नाही. चित्र तिरके, ओळ दर ओळ सरकलेले दिसत असेल तर एका ओळीचे बाइट रुंदी गुणिले २ एवढेच आहेत असे कोडने धरले आहे. ड्रायव्हर ‘बाइट्सपरलाइन’ मध्ये खरी लांबी सांगतो, काही बोर्डांवर ती ठरावीक पटीत वाढवलेली असते. तीच वापरा.

पहिल्या काही फ्रेम अंधाऱ्या येणे हा बिघाड नाही. ऑटो एक्सपोजरला स्थिर व्हायला वेळ लागतो, त्यामुळे फोटो काढताना सुरुवातीच्या वीसेक फ्रेम टाकून द्या. ‘एफएसवेबकॅम’मध्ये यासाठी ‘स्किप’ हा पर्यायच आहे. आडवे पट्टे सरकताना दिसले तर दिव्यांच्या विजेची वारंवारता कॅमेऱ्यात चुकीची निवडलेली आहे. ‘पॉवर लाइन फ्रिक्वेन्सी’ हे कंट्रोल तुमच्या विजेप्रमाणे ५० किंवा ६० हर्ट्झवर ठेवा.

नोड आहे, चित्र नाही

कॅमेरा एक आणि व्हिडिओ० व व्हिडिओ१ असे नोड, म्हणजे ‘डेव्ह’खालच्या डिव्हाइस फाइल, दोन, हे पाहून गोंधळायला होते. कर्नेल ४.१६ पासून, म्हणजे २०१८ पासून, यूव्हीसी कॅमेऱ्याचा मेटाडेटासाठी वेगळा नोड तयार होतो. त्यातून चित्र येत नाही. रीस्टार्टनंतर क्रमांकही बदलू शकतात, म्हणून कोडमध्ये ‘डेव्ह’खालच्या ‘व्ही४एल’ फोल्डरमधील ‘बाय-आयडी’ची लिंक वापरा. एकाच मॉडेलचे दोन कॅमेरे असतील आणि त्यांना सिरीयल नंबर नसेल, तर ‘बाय-पाथ’ची लिंक, म्हणजे पोर्टवरून ओळख, हीच भरवशाची. ‘बिझी’ अशी एरर आली तर आधीचा अडकलेला प्रोग्राम कॅमेरा धरून आहे, ‘फ्यूजर’ने शोधून बंद करा. परवानगीची एरर असेल तर युजरला ‘व्हिडिओ’ ग्रुपमध्ये घाला. प्रोग्राम रूट म्हणून चालवणे हा त्यावरचा उपाय नव्हे.

रिबन केबलचा, यूएसबीऐवजी थेट बोर्डला जोडलेला सीएसआय कॅमेरा असेल तर गोष्ट वेगळी. रास्पबेरी पायवर २०२१ च्या बुलसाय आवृत्तीपासून लिबकॅमेरा हा मार्ग आला आणि ‘रास्पिस्टिल’सारखी जुनी साधने मागे पडली. तिथला व्हिडिओ० नोड सेन्सरचा कच्चा, रंगीत चित्रात न बदललेला बेयर डेटा देतो, त्यामुळे ओपनसीव्हीने तो थेट उघडून उपयोग होत नाही. पायकॅमेरा२ किंवा जीस्ट्रीमरचा लिबकॅमेरा स्रोत वापरा. आणि ‘मेमरी अॅलोकेट करता येत नाही’ अशी एरर सीएसआयवर आली तर मोकळी रॅम पाहून फसू नका. इथे सलग मेमरी लागते, ती सीएमए या राखीव भागातून येते, आणि तो भाग कर्नेलच्या बूट ओळीत वाढवावा लागतो.

रेकॉर्डिंग वेगाने पळते, फोटो शिळा येतो

दिवसा ठीक आणि संध्याकाळी केलेले रेकॉर्डिंग दुप्पट वेगाने पळते, ही तक्रार ऐकली की पहिले नाव घ्यावे ते ऑटो एक्सपोजरचे. कमी उजेडात कॅमेरा शटर जास्त वेळ उघडे ठेवतो आणि ३० च्या १५ फ्रेम करतो. फाइल लिहिणाऱ्याला ३० सांगितलेले असते. मग एका मिनिटाचे चित्रण अर्ध्या मिनिटात संपते. ‘एक्सपोजर डायनॅमिक फ्रेमरेट’ हे कंट्रोल शून्य करा, जुन्या कर्नेलवर त्याचे नाव ‘एक्सपोजर ऑटो प्रायॉरिटी’ आहे. चित्र थोडे काळवंडेल, पण गती टिकेल. उजेड महत्त्वाचा असेल तर गती सोडा आणि फाइलमध्ये प्रत्येक फ्रेमची खरी वेळ लिहा. दोन्ही एकदम मिळत नाही.

दर पाच मिनिटांनी एक फोटो काढणाऱ्या प्रोग्राममध्ये उलटी अडचण येते. फोटो मागच्या वेळचा निघतो. कॅमेरा उघडाच ठेवला तर ड्रायव्हरचे बफर, ओपनसीव्हीत सहसा ४, जुन्याच फ्रेमनी भरून बसतात आणि वाचताना आधी त्याच हाती येतात. फोटोआधी पाच-सहा वेळा ग्रॅब करून टाका, किंवा वेगळा थ्रेड सतत फ्रेम ओढत राहू दे.

साठवण्याबद्दल एक सल्ला आग्रहाने देतो. कॅमेऱ्याने एमजेपीईजी दिले असेल आणि लगेच चित्रावर प्रक्रिया करायची नसेल, तर बोर्डवर ते उलगडून पुन्हा दाबू नका. एफएफएमपेग या व्हिडिओ साधनाला इनपुट फॉरमॅट एमजेपीईजी सांगा, हा पर्याय इनपुटच्या नावाआधी यायला हवा, आणि कोडेक ‘कॉपी’ ठेवून एमकेव्हीमध्ये लिहा. प्रोसेसरवरचा भार जवळपास नाहीसा होतो. एमपी४ टाळा, कारण त्याची अनुक्रमणिका साधारणपणे शेवटी लिहिली जाते आणि मध्येच वीज गेली तर सबंध फाइल उघडत नाही. न दाबलेले वायूवायव्ही कार्डवर लिहिण्याचा विचार असेल तर लक्षात घ्या, क्लास १० म्हणजे सेकंदाला किमान १० एमबीची हमी आणि ६४० गुणिले ४८० लाच १८.४ एमबी लागतात.

एमजेपीईजीची एक फ्रेम थेट जेपीजी नावाने साठवली आणि काही व्ह्यूअरमध्ये ती उघडलीच नाही, तर फाइल खराब झालेली नाही. बरेच कॅमेरे जागा वाचवण्यासाठी हफमन टेबल (दाबलेला डेटा उलगडण्याचा तक्ता) फ्रेममध्ये घालत नाहीत, ते ठरलेलेच आहे असे धरतात. एफएफएमपेगचा ‘एमजेपीईजी२जेपीईजी’ हा बिटस्ट्रीम फिल्टर ते टेबल जोडून देतो.

दुरुस्ती झाली का, हे तुमच्या प्रोग्रामवरून ठरवू नका. ‘व्ही४एल२-सीटीएल’ने ‘स्ट्रीम-एमएमॅप’ आणि ‘व्हर्बोस’ हे पर्याय देऊन रात्रभर स्ट्रीम चालवा आणि आउटपुट फाइलमध्ये वळवा. प्रत्येक फ्रेमपुढे क्रमांक आणि आलेले बाइट छापले जातात. क्रमांकात उडी असेल तिथे फ्रेम हरवली. ६४० गुणिले ४८० च्या वायूवायव्हीमध्ये प्रत्येक ओळीवर ६१४४०० च दिसले पाहिजे. एखादी ओळ कमी भरली तर तिची वेळ घ्या आणि कर्नेलच्या लॉगमध्ये त्याच वेळेला काय नोंदले आहे ते पाहा.